लोंबकळणारा ठिपका

रविवार, १४ जुलै, दुपार

चि. ढब्ब्यास आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, ऐकतंय कोण. पडदे शिवायची कामं भरपूर आहेत. परवा मी बोलत असतानाच तू फोन आपटलास म्हणून लिहिते. पत्र मध्येच तोडता येत नाही.

तुझं म्हणणं, बायकोचं शिक्षण संपतच आलं होतं, या महिन्यात ती तुझ्याकडे यायची, आणि मी घोळ घातला. काय झालं ते नीट वाच.

तिने रस्ता शोधणारा प्रोग्राम लिहिलाय. तो तपासायला त्याला नकाशे द्यावे लागतात. नकाशा म्हणजे नुसते ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. रेषेने रेषेला कापायचं नाही, एवढीच अट. कॉम्प्युटरच ते ढिगाने पाडतो. आधी त्रिकोणांची जाळी भरायची, मग चिठ्ठ्या टाकल्यासारख्या कुठल्याही रेषा पुसायच्या. सगळ्या नकाशांत प्रोग्राम पास. तिचे सर खूश.

मग मला म्हणाली, "आई, तुम्ही पण एक काढा. कसाही."

"कसाही म्हणजे कसा?"

"मनाला येईल तसा."

मी काढला तर ठिपके शर्टाला बटणं लावल्यासारखे, सारख्या अंतरावर. ती हसायला लागली. म्हणे, कसंही काढणं माणसाला जमतच नाही, म्हणून तर पद्धत लागते. मी चिडून दुसरा कागद घेतला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. उठले. एक ठिपका एकाच रेषेला लोंबकळत राहिला.

तिने गंमत म्हणून तो अर्धवट नकाशा प्रोग्रामला दिला. प्रोग्राम जागच्या जागी ठप्प.

नकाशे नीटस दिसावेत म्हणून तिनेच आधी सांगून ठेवलं होतं, पुसताना प्रत्येक ठिपक्याला दोन रेषा तरी ठेव. मग असला लोंबकळणारा येणार कुठून?

मी म्हटलं, "फाड तो कागद. कोणाला कळतंय?"

"मला कळलं ना."

वाटलं, आता रडेल. तर तिने चहा टाकला आणि शीळ घालत नकाशे पाडायची नवी पद्धत करायला बसली. आता नीटस, वेडावाकडा, सगळ्या तऱ्हेच्या नकाशांना सारखी संधी हवी. थंडी पडेपर्यंत चालेल म्हणते.

तू म्हणतोस, पुरे झालं, निघ असं तिला सांग. मी सांगणार नाही. तुला घाई असेल तर रजा काढून तूच ये, भांडी घास, तिला अर्ध्यातून उठवू नकोस.

आणि ती मला काही जड नाही. पडद्याची टोकं धरते, चहा बरा करते. शीळ मात्र बेसूर. मशीनच्या आवाजात ती ऐकू येत नाही, म्हणून मी मध्येच पाय थांबवते. कशाला ते विचारू नकोस.

ती गेल्यावर एकटीची सवय मी पुन्हा लावून घेईन. इतक्यात नको.

तुझी,
थंडीपर्यंत दोघींच्या घरातली,
आई