पळणारं मशीन

लातूर, ता. ४ ऑगस्ट १९९९

ती. पारूअक्कास,
आनंदराजचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे, डोकं सोडून. भूकंपानंतर अमृतराव सरांचा स्लॅबवरचा विश्वास उडाला, म्हणून आमचा क्लास अजून पत्र्याखालीच भरतो. पण पोरं लई वाढली, तसं सरांनी नवं कोरं कॉम्प्युटर आणलं. निकालाचा प्रोग्राम मात्र जुना, फक्त डॉस नावाच्या सिस्टिमवर चालणारा. म्हणून नव्या मशीनवर डॉस टाकायचं काम माझ्या गळ्यात. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की पालकांसमोर चाचणीचा निकाल वाचायचा. नाही निघाला तर नांदेडची एसटी धर, असं सरांनी सुनावलंय.

डॉसच्या तीन फ्लॉप्या. दुसरी आत असताना मी लुंबिनीला, म्हणजे पेपर टाईप करते तिला, सरळ विचारलं, लग्न करतीस का? ती म्हणाली, आधी तिसरी टाका.

टाकली. तर डॉसला आठ जीबीच्या डिस्कमधली दोनच दिसायला लागली! सर म्हणाले, उरलेली सहा कुठं विकलीस? डिस्कचे चार भाग पाडून दाखवले तेव्हा त्यांनी बेरीज करून बघितली. आता प्रोग्राम सुरू केला की ‘शून्याने भागले’ असा एरर देऊन बसून राहतो. सर गणिताचे. म्हणतात, शून्यानं भागत नसतात हे सातवीच्या पोरालाही कळतं. मी मशीनला लाथ घातली. नेमकं लुंबिनीनं बघितलं.

इथून गेलो तर सगळंच गेलं अक्का. राग धरू नको, एवढंच मागणं.

तुझा,
आनंदराज

अर्धापूर, ता. ९ ऑगस्ट

चि. आनंदराज यास अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या दाजींनी दोनदा वाचलं अन् दोन्ही वेळा हसले. कॉलेज अर्ध्यात सोडून लातूर गाठलंस ते कॉम्प्युटरसाठी न्हाई, कुण्या पोरीपायी, हे मला तवाच कळलं होतं. घरी बापूंना अजून काही बोलले न्हाई. परत आलास तर ते तुला केळीच्या ट्रकवर बसवणार हायत, ध्यानात ठेव.

अरे, फ्लॉपी टाकता टाकता कोणी मागणी घालतं का? अन् लाथेनं काम झालं असतं तर आपली म्हैस कवाच ऐकाया लागली असती. पोरगी न्हाई म्हणली न्हाई, एवढं मात्र मी वाचलं.

जेवत जा. इकडं आमचा जीव तुझ्यापाशी हाय.

तुझी अक्का

लातूर, ता. १६ ऑगस्ट

ती. अक्कास, जयभीम. वि. वि.

परवा इतका राग आला की मशीनच्या सेटिंगमध्ये शिरलो अन् दिसेल ते बंद करीत सुटलो. त्यात वेग वाढवणारी कॅश का काय ती बंद झाली. मशीन बैलगाडी झालं, अन् प्रोग्राम चालला! तो जुना गडी आधी मशीनचा वेग मोजतो म्हणे. हे नवं इतकं पळायचं की वेळ शून्यच यायचा अन् त्याचा हिशोबच कोलमडायचा.

निकाल निघाला, टाळ्या पडल्या, मी राहिलो. सर तेवढे म्हणाले, नवं घेऊन जुनंच मिळालं की रे!

छपाई चालू असताना लुंबिनीनं विचारलं, तुमच्यातलंही असं काही बंद करता येतं का? मी म्हणालो, येतं. तर म्हणाली, मग घरच्यांना औशाला आमच्या बाबांकडं पाठवा. पण सावकाश.

तेव्हा अक्का, घाई अजिबात नाही. दाजींची केळीची तोड उरकू दे, बापूंना तू तुझ्या पद्धतीनं सांग. मी आता शांत माणूस आहे. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
आनंदराज

ता. क. पत्र मिळताच पहाटेची गाडी धरलीत तर दुपारी औसा येतं. मी स्टँडवर उभा आहे.