गडव्यावर कोरलेली नावं

मॅडम, गेल्या आठवड्यात पहिल्यांदा बर्फावरची हॉकी पाहिली. आमच्या चौकीतल्या एका नव्या वनरक्षक पोरीच्या मोबाईलवर. चेंडूच्या जागी एक काळी रबरी चकती असते, आणि ती इतकी जोरात पळते की मला ती एकदाही नीट दिसली नाही. कोण कोणाला ढकलतोय, शिट्टी का वाजली, काही कळलं नाही. शेवटी मी तो नाद सोडला आणि नुसती गोलकीपरकडे बघत बसले. अंगभर गाद्या बांधलेला, वाकून उभा असलेला माणूस. पोरगी म्हणाली, "ताई, हसून काऊन रायल्या?" तिला काय सांगणार? माझ्या पायाला तुम्ही बारदान्यात भाताचं तणस भरून, सुतळीनं बांधून पॅड करून दिले होते, आणि पहिल्याच मॅचमध्ये ते फाटून मैदानभर तणस झालं होतं, एवढंच तिला सांगितलं. बाकीचं सांगायला सुरुवात केली आणि थांबले. ते तुम्हाला सांगायचं होतं असं वाटलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

ते साल नव्याण्णव होतं. आपला जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झाला होता, आणि तुम्ही गोंदियाहून सकाळच्या गाडीनं सालेकशाला यायच्या, तिथून सायकलनं शाळेत. शाळेत मुलींना खेळाचा तास म्हणजे लंगडी आणि रांगेत उभं राहून कवायत. तुम्ही आल्या आल्या म्हणालात, "नवीन जिला है, नवीन टीम लागेल. पुरानी टीमच नाही तर आपल्याला कोण हटवणार?" हॉकीसाठी आम्ही चौदा जणी जमलो. स्टिका सहाच होत्या, बाकीच्यांनी रानातून वाकड्या फांद्या तोडून आणल्या. मी नववीत होते, अंगानं आडवी, पळायला मंद. तुम्ही मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि गोलात उभं केलं. मला तो अपमान वाटला होता.

त्या वर्षी आम्ही तालुका जिंकलो, हे अजूनही मला खरं वाटत नाही. फायनलला माझ्याकडे एकही गोल झाला नाही. आमची कॅप्टन अकरावीतली होती, शेतकऱ्याची पोरगी, काटक, बोलायची कमी, मैदानाच्या मधोमध खेळायची. पण लोक टाळ्या माझ्यासाठी वाजवत होते. जानेवारीत तुम्ही आम्हाला वर्गात बसवलं आणि एका इंग्रजी पेपरातलं कात्रण वाचून दाखवलं. वाचता वाचता मराठीत सांगत होतात. थंड मुलखात बर्फावर हॉकी खेळतात, तिथं एक बक्षीस आहे. फार जुनं. कोण्या डॉक्टरानं पहिला कप दिला होता. ते सगळ्यात चांगल्या खेळाडूला नसतं, तर आपल्या संघाला जो सगळ्यात मोलाचा, त्याला असतं. "फरक समजला काय?" तुम्ही विचारलं. कोणाला समजला नव्हता. "एक माणूस काढून घेतला आणि टीम बसली, तर तो मोलाचा. मग त्यानं एक गोल नाही केला तरी चालते." पेपरात लिहिणारे लोक मतं देऊन तो ठरवतात असंही सांगितलंत. आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणालात की हे गोलकीपरला फार क्वचित मिळतं, पण आत्ताच लागोपाठ दोन वर्षं एका गोलकीपरला मिळालंय.

तुम्ही ते सहज बोललात. मी मात्र ते घरी घेऊन गेले, ताटावर बसले तरी तेच डोक्यात.

बक्षीस म्हणून तुम्ही घरून पितळेचा पाण्याचा गडवा आणला होता, तुमच्या माहेरचा. त्यावर दर वर्षी एक नाव कोरायचं, वर्षभर तो तिच्या घरी राहणार, मग परत. मत आम्ही द्यायचं, चिठ्ठीवर, स्वतःचं नाव सोडून. मी कोपऱ्यात बसले, कागद मांडीवर घेतला, आणि माझंच नाव लिहिलं. अक्षर वाकडं काढलं. मॅडम, तुम्ही चिठ्ठ्या उघडत होतात तेव्हा एका चिठ्ठीवर तुमचा हात थांबला. मग तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "ही बाद." कोणी विचारलं नाही. कॅप्टनला सहा मतं, मला पाच.

मी खेळायला यायची बंद झाले. तापाचं निमित्त केलं, मग पेपरांचं. पंधरा दिवसांनी तुम्ही सायकल घेऊन आमच्या दारात. माय अंगणात लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. ती म्हणाली, "या मॅडम. पोरगी घरीच हाय, काऊन जाऊन नाही रायली तं तुमीच इचारा. मले तं काही सांगत नाही." तुम्ही मायच्या हातातलं सूप घेतलंत आणि तिच्या शेजारी बसून पाखडायला लागलात. माय चहाला आत गेली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाद चिठ्ठी तुझी होती."

"नाही," मी म्हणाले.

"तुझा 'र' मी सात महिन्यांपासून तपासून राहिली."

मी रडायला लागले. तुम्ही रडू दिलंत. मग तुमच्या वडिलांची गोष्ट सांगितलीत. ते पहिल्यांदा मत द्यायला निघाले तेव्हा पहाटे आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून गेले होते, सणाला जातात तसे. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, पण त्या पेटीत त्यांची चिठ्ठी पाटलाच्या चिठ्ठीएवढीच होती. "मेरे बाप को एक मत मिला था, त्यानं ते जपलं. तुलाही एकच होतं, ते तू वाया घालवलं." आवाज चढवला नाही. माय चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही तिला एवढंच सांगितलंत, "हिला थोडं अपयश आलं होतं, आता ठीक आहे. सोमवारपासून पाठवा." मायला शेवटपर्यंत काही कळलं नाही. शाळेतही कोणाला नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली तुम्ही. त्याची किंमत मला तेव्हा कळायचं वय नव्हतं.

दुसऱ्या वर्षी आमची टीम आणखी चांगली होती. आणि मग डिसेंबरात कॅप्टनचं लग्न झालं. अठरा पूर्ण झाले आणि चिचगडकडचं स्थळ आलं. तुम्ही तिच्या बापाला भेटायला गेला होतात हे आम्हाला नंतर समजलं. बारावी होऊ द्या म्हणालात, तो म्हणाला, "मॅडम, तुमी खेळ शिकवा." जानेवारीत पहिल्याच मॅचला आम्ही पाच गोलांनी हरलो. पाचही माझ्यासमोर झाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की आदल्या वर्षी माझ्याकडे जे चेंडू येत होते ते आधीच तिनं अर्धे मारून टाकलेले असायचे. ती समोरच्या पोरीला अशी कडेला दाबत न्यायची की मारायला एकच फट उरायची, आणि त्या फटीत मी उभी असायचे. टाळ्या मला पडायच्या.

त्या वर्षी चिठ्ठ्यांची टोपली तुम्ही माझ्या मांडीवर ठेवलीत. "तू उघड, तूच मोज, मोठ्यानं वाच." सगळ्यांसमोर. तुम्ही मागं भिंतीला टेकून खिडकीबाहेर बघत उभ्या, जणू मोजणीकडे लक्षच नाही. मी एक चिठ्ठी उघडली, कॅप्टनचं नाव. दुसरी, तिचंच. तेरा चिठ्ठ्यांपैकी अकरा चिठ्ठ्यांवर त्या पोरीचं नाव होतं जी आता शाळेतच नव्हती. कोणी ठरवून केलं नव्हतं.

गडवा घेऊन तुम्ही आणि मी कॅप्टनच्या सासरी गेलो. देवरीला गाडी बदलली, पुढं रस्ता सगळा जंगलातून. तिचा सासरा बाजेवर बसला होता. तुम्ही गडवा समोर ठेवलात. तो म्हणाला, "आमच्या सुनंनं काय जितलं मनता?"

"काही नाही. ती नव्हती म्हणून आम्ही पाच गोलांनी हरलो. म्हणून आलो."

"हारल्याचा गडवा देऊन रायल्या का तुमी?" सासरा म्हणाला आणि मोठ्यानं हसला. सासू मात्र दारातून पुढं आली, गडवा फिरवून पाहिला. "नाव तं हाय, पर आडनाव काऊन नाही? बापाचं बी नाही, आमचं बी नाही."

"कोणाचंच नाही घालत," तुम्ही म्हणालात.

"आन तुमचं काय आडनाव, मॅडम?"

तुम्ही सांगितलंत. सासूनं गडवा खाली ठेवला आणि पदर नीट केला. तेव्हा कॅप्टन आतून आली, डोक्यावर पदर, हातात नव्या बांगड्या. तिनं गडवा उचलला, माठाजवळ गेली, धुतला, भरला आणि तुमच्या हातात दिला. सासू बघत होती, सासरा बघत होता, आणि गोलात उभी असल्यासारखी मीही. तुम्ही अर्धा गडवा पाणी प्यायलात. सासरा खाकरला आणि म्हणाला, "पूर्ण पेऊन घ्या मॅडम. दूरून आल्या." निघताना ती फाटकापर्यंत आली. तुम्ही तिला विचारलंत, "परीक्षेचा फॉर्म भरू?" तिनं सासऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "भरा." ती बारावी पास झाली, हे तुम्हाला माहीत आहे. आज तिच्या पोरी देवरीला शिकतात, हे माहीत नसेल.

पुढं तुमची बदली झाली. शाळेत नवीन साहेब आले, त्यांनी सोनेरी प्लॅस्टिकचा कप आणला, जास्त गोल करणारीला द्यायचा. दोन वर्षांत मैदानावर सभागृह उभं राहिलं आणि हॉकी संपली. गडव्यावर सहा नावं झाली होती. त्यात माझं नाही. तीन वर्षं मी चिठ्ठ्या मोजल्या, आणि पुन्हा एकदाही माझं नाव मी लिहिलं नाही. पुढं वनरक्षकाची नोकरी लागली, नागझिऱ्याकडे पोस्टिंग मिळालं. प्राण्यांच्या गणतीचे कागद माझ्याकडे येतात तेव्हा साहेब म्हणतात, तुमच्या आकड्यावर दुसऱ्यांदा बघावं लागत नाही. ते कुठून आलं, त्यांना माहीत नाही.

तुम्ही गेलात त्याला आठ वर्षं झाली. गोंदियाला तुमच्या घरी शोकसभा ठेवली होती. कॅप्टनचा फोन आला, "तू गोलात होती, तूच बोल." मी सांगितलं, ड्युटी आहे, जंगल सोडता येत नाही. सगळ्यांनी मानलं. मॅडम, त्या दिवशी माझी सुट्टी होती. ड्युटी मी मागून घेतली होती, कारण उभं राहून बोलायचं तर बाद चिठ्ठीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.