शिकाऊ गाडीचा जबाब

३ फेब्रुवारी, मंगळवार

डावं मनगट मोडलं. उजवा हात शाबूत आहे, तेव्हा लिहिणार!

सकाळी सव्वाआठ. किल्लीवाल्याच्या दुकानासमोरचा चौक. गाडी शिवणताई चालवत होत्या — अठरावा दिवस त्यांचा. (घरी कपडे आल्टर करतात, म्हणून आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्यांना शिवणताईच म्हणतात.) मी शेजारी, नेहमीच्या जागेवर, पायाशी माझा वेगळा ब्रेक. डावीकडून येणाऱ्या रस्त्याला 'थांबा' अशी पाटी आहे, जमिनीवर जाड पांढरी रेघ आहे. त्या रेघेवरून एक पांढरी गाडी सरळ आत! थांबणं नाही, हॉर्न नाही, काही नाही. शिवणताई घाबरल्या आणि भलतंच करून बसल्या — एक्सलरेटर दाबला. मी ब्रेक मारला. असा मारला की चपलेचा अंगठा तुटला. म्हणून वाचलो. धाडकन आवाज, माझ्या दाराच्या मागच्या अंगाला. हात दारावर टेकवलेला होता, तो गेला.

गाडीतून एक पांढरा शर्ट उतरला. कडक इस्त्री, कानाला फोन — उतरला तोही फोनसकट! आधी आमच्या गाडीवरची 'शिकाऊ' पाटी वाचली, मग आत दोन बायका पाहिल्या, मग त्याला कंठ फुटला. "यांना रस्त्यावर सोडतं कोण?"

मी उत्तर दिलं नाही. दर गुरुवारी फळ्यावर खडूच्या गाड्या काढून हेच तर शिकवते — अपघात झाल्यावर पहिलं तोंड आवरायचं, मग बाकीचं. बावीस वर्षं शिकवतेय. आज स्वतः केलं. किल्ली बंद. चारही दिवे लुकलुकत ठेवले. शिवणताईंना विचारलं, मान वळते का, कुठं ओलं लागतंय का. कपाळावर टेंगूळ, बाकी ठीक. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवरच होते त्यांचे, सोडवून घ्यावे लागले. गाड्या जागच्या हलू दिल्या नाहीत. मागून हॉर्न वाजत होते — वाजू देत! एका हातानं फोटो काढले. रेघ, पाटी, काचा, त्याचा नंबर, त्याचं तोंडसुद्धा. पोलिसांना फोन केला.

"इथंच मिटवून टाकू," शर्ट म्हणाला.

"इथं फक्त फोटो," मी म्हटलं.

हात दुखतोय हे त्यानंतर कळलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

सहा आठवडे प्लास्टर. धाकट्यानं सकाळी माझी वेणी घातली. चोपन्न वर्षांच्या बहिणीची वेणी, आणि घालणारा बँकेतला कॅशियर! नोटांच्या गड्डीला रबर लावावं तशी घातली. डोळे वर ओढले गेलेत.

दुपारी चौकीत जबाब दिला. पांढरी गाडी रेघेवर थांबली नाही. शिकाऊ घाबरली, पण घाबरणं गुन्हा नाही, नवशिका माणूस घाबरणारच. शिकवणारीनं वेळेवर ब्रेक लावला.

लिहून घेणारे पोलीस म्हणाले, "पाठ केल्यासारखं सांगताय मॅडम."

"पाठ करून घेते मी लोकांकडून," म्हटलं. हसले नाहीत.

घरी धाकटा: "ताई, जीव वाचला ना? मग आता मिटव." याला आयुष्यात सगळं मिटवायचंच असतं. लहानपणी माझी भांडणंसुद्धा हाच मिटवायचा, आणि माझ्याच वाटणीचं देऊन!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मालकसाहेबांनी स्कूलमध्ये बोलावलं. खुर्ची पुढे केली, चहा मागवला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी गळ्यात मारणार.

टाइप केलेला कागद होता. खाली सहीला जागा शिवणताईंची. "मी घाबरून चौकात मधोमध गाडी थांबवली, त्यामुळे अपघात झाला. यात स्कूलचा व शिक्षिकेचा दोष नाही."

मी दोनदा वाचला. म्हटलं, साहेब, गाडी त्यांनी थांबवली? गाडी मी थांबवली! ब्रेक माझा आहे!

"अहो, तेच तर," साहेब म्हणाले. "तुमचं नाव आलं तर स्कूलचं नाव आलं. परवान्यावर गदा येईल. तिचं नाव आलं तर काय बिघडतं? शिकाऊच आहे. शिकाऊ चुकतो, म्हणून तर शिकाऊ."

"आणि तो पांढरा शर्ट?"

"त्यांच्याशी बोलणं झालंय. ते पुढे नेणार नाहीत."

तो पुढे नेणार नाही! रेघ तुडवली त्यानं, आणि मेहेरबानीही त्याचीच!

चहा तसाच ठेवून उठले. दाराशी म्हटलं, "गेली बावीस वर्षं मी फळ्यावर लिहिते की न केलेली चूक कागदावर कबूल करू नये. फळा तुमचाच आहे. एकदा येऊन वाचा."

"हात बरा होईपर्यंत येऊ नका," साहेब म्हणाले. "पुढचं बघू."

बघा!

७ फेब्रुवारी, शनिवार

शिवणताई फोन उचलत नाहीत. पाच वेळा केला.

८ फेब्रुवारी, रविवार

गेले त्यांच्या घरी. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला दोरीवर लोकांच्या पँटी. नवरा घरीच होता. मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "झालं ना शिकून?"

साहेबांचा कागद मशीनवर होता. कात्रीखाली दाबून ठेवलेला.

शिवणताई खाली बघत बोलत होत्या. "सही करून टाकते मॅडम. तुमचं काम जायला नको. मला काय, कुठं गाडी चालवायचीय."

कुठं चालवायचीय? पहिल्या दिवशी याच बाईनं मला सांगितलं होतं — आई एकटी राहते, तिकडे दिवसातून दोनच बस, आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी विनवण्या कराव्या लागतात. भावाच्या, मेहुण्याच्या, याच्या. "मला न विचारता जायचंय, मॅडम." फीचा पहिला हप्ता चिल्लर-नोटांत आणला होता. सतरा तारखेला परीक्षा आहे!

नवरा म्हणाला, "कर ना सही, कशाला वाढवायचं. गाडी चालवायचं डोकं नाही तुला, मी आधीच सांगितलं होतं."

मग माझा आवाज चढला. परक्या घरात, परक्या माणसावर! म्हटलं, डोकं काढू नका त्यांचं! अठरा दिवसांत एकदाही गाडी बंद पडू दिली नाही त्यांनी, चढावरसुद्धा नाही. तुमच्यासारखे पुरुष पहिल्या दिवशी गाडी फाटकाला धडकवतात आणि फाटकाला शिव्या देतात. चूक त्या पांढऱ्या गाडीची आहे, आणि या बाईंनी सही केली तर मी चौकीत जाऊन सांगेन की जबरदस्तीनं घेतली — तुमचं नाव घालून!

त्यानं मोबाइल खाली ठेवला. बहुधा वर्षातून पहिल्यांदा.

शिवणताई उठल्या. कात्री उचलली, आणि कागद घडी करून माझ्या पर्समध्ये टाकला.

जिना धाडधाड उतरले. रागानंच!

१० फेब्रुवारी, मंगळवार

पांढरा शर्ट घरी आला. आज निळा होता, पण माणूस तोच. फळांची टोपली घेऊन. तिला वरून चकचकीत कागद, रिबिनीचं फूल.

हाताची चौकशी केली. मग मुद्द्यावर. "मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात. तुमच्याबद्दल माझी तक्रारच नाही. ती बाई घाबरली, हे तुम्हीच जबाबात म्हटलंय."

"घाबरली म्हटलंय. चुकली म्हटलं नाही."

"पुरावा काय, मी थांबलो नाही याचा?"

हा प्रश्न मात्र खरा होता. फोटोत रेघ आहे, गाड्या आहेत. पण थांबला नाही हे फोटोत कसं दिसणार? तरी ठासून म्हटलं, "पुरावा येईल. टोपली घेऊन जा."

धाकटा मागून पुटपुटला, "टोपली राहू द्यायची होती ना, ताई."

११ फेब्रुवारी, बुधवार

किल्लीवाल्याकडे गेले. त्याच्या शटरवर कॅमेरा आहे, तोंड थेट चौकाकडे. इतके दिवस सुचलं नाही! गुरुवारी फळ्यावर हेही लिहायला हवं.

"तो शोभेचा आहे मॅडम," तो म्हणाला. कानस चालूच.

मी स्टुलावर बसले. तासभर बसून राहिले. गिऱ्हाइकं येत होती, प्लास्टरकडे बघत होती, "काय झालं?" विचारत होती, आणि मी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत होते. चौथ्या गिऱ्हाइकानंतर त्यानं कानस खाली ठेवली.

"शोभेचा नाही. पण मला चौकीच्या चकरा नकोत."

"चकरा मी मारीन. तू फक्त काढून दे."

म्हणाला, मुलीला येतं त्यातलं, शुक्रवारी या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कसं लिहू?

पाहिलं. दुकानातल्या लहान पडद्यावर, तीनदा.

पांढरी गाडी थांबत नाही. स्पष्ट दिसतं. रेघेवर वेगसुद्धा कमी करत नाही. पहिल्यांदा बघताना मी टाळी वाजवायला गेले आणि प्लास्टरवर हात आपटला.

किल्लीवाला मान वाकडी करून बघत होता. साधा माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, "पण मॅडम, तुमची गाडी निघून गेली असती की."

दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. आमची गाडी निम्मा चौक ओलांडून पुढे गेलेली. एकदम वेग घेते — शिवणताईंनी एक्सलरेटर दाबला तो क्षण. चांगली झेप घेते. आणि मग मागचे लाल दिवे लागतात. गाडी उभी. बरोबर त्याच्या वाटेत.

लाल दिवे माझे.

तिसऱ्यांदा मी पडद्यावर बोट ठेवून मोजलं. ब्रेक नसता तर एक गाडी मावेल एवढी जागा मागे सुटली असती. तो आमच्या मागून निघून गेला असता, फोनवर बोलत, आणि आम्ही दोघी त्याला शिव्या देत पुढच्या सिग्नलला पोचलो असतो.

किल्लीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला उशिरा कळलं असावं. हळूच म्हणाला, "पुसून टाकू का? बाहेरच्या कुणी पाहिलेलं नाही."

दुकानात पंख्याचा आवाज येत होता. भिंतीवर शंभर-दीडशे किल्ल्या टांगलेल्या.

"दोन प्रती काढ," मी म्हटलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्याला सांगितलं. तो पोळीवर तूप लावत होता, तसाच थांबला. "ताई, वेड लागलंय का? त्यानं पुरावा मागितला, तर तू स्वतःच्याच विरुद्ध नेऊन देतेस?"

"त्याच्याविरुद्धही आहे तो."

"मग तेवढाच भाग दे! पुढचा काप!"

काप! आल्टर करून दे म्हणे!

चौकीत गेले. तेच पोलीस. पहिला जबाब खोटा नव्हता, अपुरा होता, पुरवणी लिहून घ्या म्हटलं. पांढरी गाडी थांबली नाही. शिकाऊनं गाडी पुढे काढली. शिकवणारीनं ब्रेक लावल्यामुळे गाडी वाटेत उभी राहिली.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, याचा अर्थ कळतोय ना? त्याच्यावर तर केस होईलच. पण तुमचा शिकवण्याचा परवाना—"

"लिहा."

"घरी जाऊन विचार करा हवं तर. सोमवारी या."

"शिकाऊचा काडीचाही दोष नाही, हे वेगळ्या ओळीत लिहा. ठळक."

लिहिलं. मी वाचून घेतलं, सही केली. साहेबांचा तो कागदही पर्समधून काढून दिला. घडी उघडताना त्यात दोऱ्याचा एक तुकडा निघाला.

साहेब फोन करतायत. त्यांना वाजवू देते. बावीस वर्षं किती जणांना म्हटलं — दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ नका. आपली दुसऱ्याच्या अंगावर टाकू नका, हे कधी म्हटलंच नाही, कारण ते शिकवायला लागतं असं वाटलंच नव्हतं! परवाना जाईल तर जाऊ दे. त्या पांढऱ्या शर्टाला मी सोडणार नाही, आणि मीही सुटणार नाही.

हात खाजतोय. प्लास्टरच्या आत, जिथं पोचता येत नाही तिथंच.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवणताईंना सांगायला गेले. वाटेत वाक्यं जुळवली होती, दारात सगळी विसरले. एवढंच म्हटलं — माझ्या ब्रेकमुळे झालं. तुम्ही घाबरून दाबलंत तेच बरोबर होतं.

"घाबरून नव्हतं दाबलं, मॅडम," त्या म्हणाल्या. मान खाली, सुईत दोरा ओवत. "निघता येत होतं. मला दिसत होतं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मग बोलला का नाहीत? सही करायला निघाला होतात! — ओरडलेच मी.

दोरा ओवून झाला. त्यांनी आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं, आणि हसल्या.

"आधी म्हटलं, तुमचं काम जाईल. मग त्या रविवारी तुम्ही ओरडलात. या घरात माझ्या बाजूनं कुणी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, चालू दे."