मंगल परिणय

घणसोली, मंगळवार संध्याकाळ

दुकानाच्या लग्नसराईच्या जाहिराती लिहून आज मालकांना, दिनेशदादांना, दाखवल्या. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासले होते. दादा म्हणाले, "अरे मास्तर, सगळीकडं मुहूर्त नि सप्तपदी! बौद्धांच्या लग्नाचं कायच नाय? रबाळ्याची किती गिऱ्हाइकं हायेत आपली!"

खरंच, बौद्ध लग्नाला म्हणतात तो 'मंगल परिणय' हा शब्द कुठेच नव्हता. विसरलो? नाही, टाळला. दादांनी विचारलं असतं, तू पण त्यांच्यातलाच का? ही भीती.

दादांना म्हणालो, "कुणाला तरी विचारून लिहितो." कुणाला विचारणार होतो मी? आमच्या ताईच्या पत्रिकेवर 'मंगल परिणय'च होतं, प्रूफ मीच तपासलेलं.

आत्ता 'मंगल परिणय'ची जाहिरात लिहिली. उद्या दादांनी शब्द कुठून आणला विचारलं तर सांगायचं, घरचाच शब्द आहे. सांगेन ना?