काळ्या खडकावरचं दगडफूल

माय, आज बाजारातलं दगडफूल भाजायला घेतलं आणि हात थांबला. तुझ्या मसाल्याची सर याला नाही. तुझं दगडफूल आपल्या कुरखेड्याबाहेरच्या काळ्या खडकावरचं. पाऊस सरला की तू ते विळ्यानं खरवडून आणायचीस, सुपात वाळवायचीस, आणि मसाला कांडलास की शेजारणी वाट्या घेऊन दारात हजर.

बी.एस्सी. होऊन मी खडक तपासणाऱ्या पथकात हंगामी कामाला लागले, तेव्हा अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. त्याच खडकावर आमचं यंत्र जोरात टिकटिकलं. साहेब म्हणाले, हा किरणोत्सर्ग दगडातला, निसर्गाचाच आहे. इथं घटकाभर बसल्यानं काही होत नाही. तिथलं दगडफूल खाल्लं तर काय, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. हवेतलं, दगडातलं जे मिळेल ते दगडफूल अंगात साठवतं, एवढंच म्हणाले. मला तेवढं पुरलं. घरी येऊन मी फर्मान काढलं, त्या खडकाचं काही खायचं नाही.

"काऊन वं?" तू विचारलंस. "तुह्या आजीनं जलमभर खाल्लं न." पण वाद घातला नाहीस. शिकलेल्या लेकीवर तुझा फार भरवसा. दुसऱ्या दिवसापासून आमच्या भाजीची चव गेली आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मग एक दुपार. तू चुलीपाशी पाठमोरी, एकटीच जेवते आहेस. मी दिसताच काळ्या रश्श्याची वाटी पदराआड घेतेस.

"डबाभर मसाला हाय, फेकाले जीव होत नाई," म्हणतेस. "तुमच्या पानात नाई टाकत न मी? मले काय होते आता."

डबा सरेपर्यंत तुझं जेवण वेगळं, असं ठरून गेलं. तू तो चिमटीचिमटीनं पुरवलास, आणि तो सरायच्या आत हिवतापानं तूच गेलीस. त्या वाटीतलं मी कधी मागितलं नाही, तुझ्याजवळ येऊन बसलेही नाही. याचं फार वाईट वाटतं गं.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून सांगते. तो डबा माझ्याकडे आहे, तळाशी मूठभर मसालाही आहे. आता मी कामाला आहे त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तसलंच यंत्र माझ्याच ताब्यात असतं. पोरं आणतील ते दगड मी तपासून देते, डबा मात्र एकदाही नेला नाही. यंत्र टिकटिकलं, तर माझ्या डोळ्यांदेखत तू ते खात होतीस. आणि नाही टिकटिकलं, तर मी तुला उगीचच एकटं जेवायला बसवलं.