कल्याणप्पांच्या बागेतलं माझं डाळिंब

मुरुम, २ जुलै १९४३

सोलापुराहून सर्व्हिस मोटर, नळदुर्गापासून बैलगाडी, आणि नळदुर्गालाच निजामाचा करोडगिरी नाका. तिथल्या अंमलदारानं माझ्या पिशवीतल्या संस्कृत पोथ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि यात जकात घेण्याजोगं काही नाही, असा निकाल दिला. इतक्या वर्षांच्या बातमीदारीत माझ्या विद्येची एवढी नेमकी किंमत कुणी केली नव्हती.

संपादकांनी पाठवलं आहे ते कल्याणप्पांच्या घराण्यावर लेख लिहायला. शेंगदाण्याची अडत, तेलाचे घाणे, कापसाची जिनिंग. आणि त्यातून गावाला धर्मशाळा, दवाखाना, पाठशाळा. शिवाय बाग. भोवती उघडा माळ आणि मधे डाळिंब, पेरू, सीताफळ, मोगरा. बाग कल्याणप्पांच्या पत्नी गिरिजाबाई स्वतः राखतात. कपाळावर भस्माचे पट्टे, बोटांना कायम माती. घरात कानडी, पाहुण्याशी मराठी, तहसीलदाराशी उर्दू.

इथली रीत अशी की पाहुण्यानं आल्या आल्या बागेत एक रोप लावायचं, तांब्यातलं अर्धं पाणी आपण प्यायचं आणि उरलेलं रोपाला घालायचं. उष्ट्या पाण्याचं अर्घ्य कोणत्या शास्त्रात बसतं, असं मी विचारलं. गिरिजाबाई म्हणाल्या, शास्त्रीबुवा, झाडाला सोवळं कळत न्हाय, तहान कळती. मी डाळिंब लावलं.

सुमतीला पत्र टाकलं. पोर आईविना वाढली. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या घरीच व्हायचं आहे. गणपतीच्या आधी ती सोलापूरला येईल. तोवर मी केव्हाच घरी असेन.

८ जुलै

बागेतल्या प्रत्येक झाडाला धनी आहे. आंबा दवाखान्यातल्या वैद्यांचा, पेरू पाठशाळेच्या मल्लिनाथ मास्तरांचा. मास्तर विजापूरकडून एका चातुर्मासापुरते शिकवायला आले होते. आता त्यांचे विद्यार्थी आजोबा झाले आहेत. इतका लांबलेला चातुर्मास साक्षात विष्णूलाही झेपला नसता, असं मी म्हटलं. मास्तर हसले नाहीत. सोलापूरला घरी कोण कोण आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

माझं डाळिंब कमरेला लागलं आहे. रोप लावून आठवडाही झाला नाही. गिरिजाबाईंच्या मते इथल्या मातीला लई माया आहे.

१६ जुलै

लेख पुरा झाला म्हणून काल निघालो. ओढा ओलांडला तशी तहान लागली. फिरकीचा तांब्या रिकामा केला, तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. नळदुर्ग येईतो टाचांना भेगा पडल्या, हाताची कातडी सुकलेल्या सालीसारखी सुटू लागली. नाका दिसला तेव्हा मला बोलता येत नव्हतं. गाडीवानानं काही न विचारता बैल वळवले. हे काम त्याला नवं नसावं.

परतलो तेव्हा गिरिजाबाई डाळिंबाच्या आळ्यात पाणी सोडत होत्या. माझा घसा ओला झाला. मी थेंबही प्यालो नव्हतो.

१९ जुलै

मास्तरांनी सांगितलं. रोप लावलं की माणूस रोपाचा. जिनिंगचा एक इंजिनियर हट्टानं नाक्यापलीकडे गेला होता. गाडीवानानं परत आणलं ते सरपणासारखं हलकं होतं. त्याचं सीताफळ त्याच दिवशी वाळलं.

मी कल्याणप्पांकडे गेलो. रागावलो, मग हात जोडले. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं, पान दिलं. म्हणाले, आमी कुनाला बांधून ठेवत न्हाय, शास्त्रीबुवा. गावाला मास्तर पायजे व्हता, मास्तर आला. वैद्य पायजे व्हता, वैद्य आला. शास्त्र्याची तेवढी उणीव व्हती. लेकीचं एवढं मनात असेल तर तिलाच इकडं आणू म्हणाले. तिच्यापुरती जागा बागेत आहे.

नको म्हणालो. तीनदा म्हणालो.

२४ जुलै

गिरिजाबाईंनीच तोड काढली. त्यांनाही लेक होती, म्हणाल्या. डाळिंबाच्या फांदीला गुटी बांधायची: सालीचं कडं सोलून काढायचं, वर ओली माती आणि शेवाळ, त्यावर गोणपाट. मुळ्या सुटल्या की खालून कापायचं आणि कुंडीत घालून सोलापूरला न्यायचं. झाड सोबत असलं की माणसाला जाता येतं. भूमला, ढोकीला अशाच गुट्या गेल्या आहेत म्हणे, तिथंही आता बागा आहेत.

मी त्यांच्या पाया पडलो. माझ्याहून त्या वयानं लहान आहेत.

त्यांनी फांदी सोलली तेव्हा डाव्या मनगटावर काहीतरी ओढल्यासारखं झालं. बाही वर केली. कातडीचं कडं गेलेलं. रक्त नाही. खाली हिरवट, गुळगुळीत.

११ ऑगस्ट

मनगटाला मीही गोणपाट गुंडाळलं आहे. आत वळवळतं. काल सोडून पाहिलं — पांढरे धागे, बारीक, ओले. परत बांधलं. सुमतीसाठी हेही चालेल.

पाठशाळेत आज रूपं म्हणून घेतली. मुलं हुशार आहेत. मी का शिकवतो आहे —

२९ ऑगस्ट

सुमती सोलापूरला आली. सासरचा माणूस तिला आमच्या शेजाऱ्यांकडे सोडून गेला, असा मोटरवाल्याचा निरोप गाडीवानानं आणला. पोटात दुखतंय म्हणते. बाबा कधी येणार, विचारते.

उद्या कापणार.

३० ऑगस्ट, सकाळ

गुटी कापली. दुखलं नाही. मनगट कोरडं, सगळे धागे गेले. पिशवी भरून ठेवली होती, उठायला गेलो —

पाय उठत नाहीत. डाळिंबाखाली बसलो तो बसलोच.

मास्तर येऊन बसले. मान खाली. म्हणाले, गुटी म्हणजे दुसरं झाड. पहिलं जागचं हलत नाही. मला आधी सांगायचं होतं, त्यांनी. नाही सांगितलं. त्यांचीही एक गुटी विजापूरला गेली होती. त्यांची बायको, दोन मुलं — तिथल्या बागेत. नवी बाग धरायला पहिली रोपं घरच्याच माणसांची लागतात.

दुपार

पडवीत कुणीतरी खोकलं. बोलण्याआधी मी खोकतो तसं.

माझा कोट. माझा चष्मा. गिरिजाबाई त्याची टोपी सारखी करतायत. कल्याणप्पांनी हातावर नारळ ठेवला. तो काहीतरी बोलला, सगळे हसले. विनोद माझाच असणार.

गाडीत मागं कुंडी. रोपं. एक मोठं आणि एक अगदी बोटभर —

हाक मारली. आवाज फुटत नाही. पानं हलली फक्त.

मास्तर, हे पान फाडून न्या. ओढ्यापर्यंत तरी. गाडीवानाला, मोटरवाल्याला, कुणालाही —

बोटं वळत नाहीत आता

सुमती, दार उघडू नकोस. मी आलो तरी. माझाच आवाज असेल, तुझ्या आईचं नाव घेईल, तरी दार