ओट्याखालच्या फटीतला पारा

आप्पा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि मी अजून तुमच्या हातांचाच विचार करतेय.

थर्मामीटरच्या कारखान्यात तुम्ही काचेच्या नळ्यांत पारा भरायचात. खंडेनवमीला लोक पाने-हातोडे पूजतात. तुम्ही इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत थोडा पारा घरी आणायचात. काळेवाडीच्या खोलीत ओट्याखाली पाट मांडून आई त्याला हळदकुंकू वाहायची. पूजा झाली की तुम्ही तो माझ्या ताटात ओतता. "बघा, माझी लेक चांदीशी खेळतेय!" मी बोटानं थेंब फोडते, पुन्हा जोडते. सांडलेलं आई केरसुणीनं लोटते, ते फरशीच्या फटींत जातं. मग तेच ताट घासून त्यात भात. कुणाला काय ठाऊक होतं हो!

पुढे तुमचे हात कापायला लागले. चहा बशीत सांडायचा, सही जमायची नाही, एवढ्या-तेवढ्यावरून डाफरायचात. कंपनीनं घरी बसवलं. "अगं, थेंब घेतला नाही मी," तुम्ही म्हणायचात. "मग हात काय वाऱ्यानं हलतायत?" आई तुटून पडायची. तुम्ही गेलात तरी तिचं एकच पालुपद, दारूनं नेलं.

आता मी पारा शोधणारे सेन्सर बनवते. सोन्याच्या चकतीवर डीएनएचे तोकडे धागे बसवायचे. पाण्यात पारा असला की धाग्यातले ठरावीक घटक त्याला चिमटीत धरतात, धागा दुमडतो आणि विजेचा प्रवाह बदलतो. हे सगळं चाकणकडच्या नाल्यांसाठी. पण गेल्या महिन्यात काळेवाडीला आईच्या ओट्याखालच्या फटीतली धूळ खरवडून आणली, आम्लात विरघळवली. आलेख असा चढला की मी चकती बदलून पुन्हा पाहिलं. तीनदा. मोठ्या यंत्रावरही तेच. पाराच होता, आप्पा.

आईला रहाटणीला माझ्याकडे आणलंय. फरशी बदलायचीय म्हणून सांगितलं. "कशाला गं हा खटाटोप? चांगली तर आहे," म्हणाली. हल्ली तिच्याही हातात चमचा ठरत नाही. ती म्हणते, वय झालं. उद्या तपासायला नेतेय, तेही साखरेचं निमित्त करून.

आज जेवताना तिला सगळं सांगायला बसले होते. तुम्ही पीत नव्हतात, हात पाऱ्यानं कापायचे, आणि आता माझ्याकडे तपासणीचा कागद आहे. पण तिला भात वाढून मी उठले. ती पहिलं हेच विचारणार, मग तू तेव्हा तसं का म्हणालीस? नववीत होते. मैत्रिणींसमोर तुमच्या हातून तांब्या निसटला, त्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागात आईला जाऊन सांगितलं की तुम्हाला गुत्त्यावर बघितलं. त्याआधी तिच्या मनातही नव्हतं.

मी तुम्हाला कुठंच बघितलं नव्हतं, आप्पा. आणि आईला अजून सांगितलेलं नाही.